सुताची पारख

पहिल्याच भेटीत जिजीनं माझ्या साडीच्या काठातला एक दोरा उपसला, काडी पेटवून तो जाळला आणि खाली पडलेल्या काळ्या मण्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मी तिच्याकडे भाड्यानं खोली मागायला गेले होते. मोताळा तालुक्यातल्या त्या गावात आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी नवीनच नेमणूक झाली होती. राहायला जागा नव्हती, आणि गावातल्या चार जणांनी एकाच घराकडे बोट दाखवलं होतं. नाव, गाव, जात, लग्न झालं का, मांस-मच्छी शिजवते का, यातलं जिजीनं काहीच विचारलं नाही. "नायलॉन हाय," एवढंच म्हणाली आणि खोलीची किल्ली दिली.

ती साडी सरकारी गणवेशाची होती. ती नायलॉनची होती यात माझा काही दोष नव्हता, पण पुढचे कितीतरी दिवस जिजी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघायची.

वयानं ती साठीच्या पुढची, म्हणून मी तिला अहो-जाहो करायला लागले. दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, की मी काय तुझी सासू लागते का. मग मी अगं-तुगंवर आले. गावात तिला लहानथोर सगळेच जिजी म्हणत. तिचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं ते मतदार यादीत, आणि ते वाचून ही कोण बाई म्हणून मी तिलाच विचारलं होतं.

तर ही जिजी गोधड्या शिवायची. गोधड्या कोणत्या गावात शिवत नाहीत? पण जिजीची गोधडी सुती कापडाचीच असायला हवी होती. तिच्या मते नायलॉन किंवा टेरिकॉटची गोधडी म्हणजे पांघरूण नव्हतंच, ताडपत्री होती. आणि तिची अडचण अशी, की त्या गावात सुती कापड मिळत नव्हतं. गावाच्या चारी बाजूंना कापूस. दिवाळीच्या आसपास घराघरात छतापर्यंत कापूस भरलेला, माणसं त्यावर झोपलेली, पोरं त्यात नाचून अंगाला खाज घेऊन माझ्याकडे आलेली. आणि अंगावर बघावं तर साड्या सुरतेच्या, शर्ट टेरिकॉटचे, टॉवेलसुद्धा अर्धे खोटे. जुनी सुती लुगडी नेसणाऱ्या बायका एक एक करून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर गोधडीचा कच्चा माल गेला. कोणी म्हातारी अंथरुणाला खिळली की जिजी विचारपूस करायला जायची. तिथं ती मनापासून रडायची आणि निघताना खुंटीवरच्या लुगड्याला हात लावून यायची. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तिचा स्वतःचा मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. दर दिवाळीला आईसाठी दोन-तीन झगझगीत साड्या पाठवायचा. जिजीनं त्या कधी नेसल्या नाहीत. रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून शेताला चारी बाजूंनी बांधल्या. मुलगा एकदा गावी आला, तेव्हा त्यानं रस्त्यावरूनच आपल्या साड्या ओळखल्या. दोन दिवस तो आईशी बोलला नाही. जिजीनं त्याच्या पानात तूप वाढलं आणि सांगितलं, की तुझ्या साड्यांनी रोही फिरकत नाहीत, म्हणजे माल चांगला आहे.

तिच्या लुगड्याच्या कनवटीला काडीपेटी असायची. मोताळ्याच्या आठवडी बाजारात कापडवाले तिला लांबून येताना पाहिलं की ठाण आवरायला लागत. ती घ्यायची काही नाही. हात लावायची, दोरा उपसायची, जाळायची, त्या विक्रेत्याच्या डोळ्यांत बघायची आणि पुढच्या दुकानाकडे वळायची. वडनेर भोलजीला एका लग्नात तिनं व्याह्याच्या फेट्याचा दोरा जाळला होता. व्याही त्या वेळी फेट्यातच होते. भडका वगैरे काही उडाला नाही, पण पंगत अर्धा तास खोळंबली. जिजीला बोलावताना काडीपेटी घरी ठेवून ये असा निरोप त्यानंतर बऱ्याच लग्नांतून यायला लागला.

एकदा बियाण्यांच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस गावात आला होता. बीटीचं बियाणं आलं तेव्हा आता फवारणीच नको असं सांगणारे याच जातीचे लोक होते. पहिली काही वर्षं तसं झालंही. मग मावा, तुडतुडे, पांढरी माशी, आणि शेवटी गुलाबी बोंडअळी परत आली, आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त फवारायला लागले. तर हा माणूस समाजमंदिरात नव्या वाणाचं भाषण देत होता आणि येईल त्याला कंपनीचे टीशर्ट वाटत होता. जिजीनं टीशर्ट घेतला, तिथंच त्याच्या शिवणीतला दोरा काढून जाळला आणि मणी त्याच्या टेबलावर ठेवला. "कापसाचं बी इकतं अन् अंगात पलाश्टिक घालतं," ती म्हणाली. लोक हसले. तोही हसला, पण नंतर त्याच्या भाषणात रंग भरला नाही.

शिवणकाम चालायचं गोठ्यात. बैल विकून झाले होते, गोठा रिकामा होता. जिजी तो सारवून घ्यायची आणि चिंध्या दगडी गव्हाणीत रंगांप्रमाणे लावून ठेवायची. उन्हाळ्यात दुपारी जेवणं आटोपली की तिथं चौघी जमत. जिजी स्वतः, पिंजाऱ्याची रशीदाबी, जिच्या नवऱ्याचा कापूस पिंजायचा धंदा तयार गाद्यांनी बुडवला होता, बौद्धवाड्यातली वच्छला, जी माझ्या शेजारच्या अंगणवाडीत मदतनीस होती, आणि जिजीच्या चुलत दिराची बायको सुभद्रा. चौघी चार बाजूंना बसायच्या आणि टाके घालत घालत मधे यायच्या. मधे डोकी एकमेकींना लागायला आली की गोधडी संपली. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचे. मला सुई धरू देत नसत, कारण माझे टाके दवाखान्यातल्यासारखे पडतात असं वच्छलाचं मत होतं. मी दोरा ओवून द्यायचे.

जिजीचे नियम सगळ्यांना पाठ होते. प्रत्येक तुकड्याचं "कोणाचं हाय?" हे विचारल्याशिवाय तो लागत नसे. एका घराचे दोन तुकडे शेजारी लावायचे नाहीत, भांडतात. ज्याचा कपडा त्याच्या अंगाला घासून मऊ झालेला हवा, दुकानातली नवी चिंधी चालणार नाही. आणि जाळून झालं की कापड हुंगायचं. जिजीच्या नाकाची गावात ख्याती होती. ओल लागलेलं, उंदरांनी घाण केलेलं, आजाऱ्याच्या अंगावरचं, सगळं ती वासावर सांगायची, असं रशीदाबी मला कौतुकानं सांगायची. कधीकाळी म्हणे लुगडं हुंगून ती बाई तंबाखू खाते की मिश्री लावते तेही ती ओळखायची.

मी मात्र निराळंच पाहिलं होतं. मी राहायला आले त्या वर्षी एका सकाळी तिचं दूध उतू गेलं आणि पातेल्याच्या बुडाला लागून जळलं. माझ्या खोलीपर्यंत करपट वास आला. मी धावत गेले, तर जिजी चुलीपासून दोन हातांवर, तिकडे पाठ करून चिंध्या निवडत होती. तिला पत्ता नव्हता. मी नर्स आहे. मी विचारलं, की जिजी, तुला वास येत नाही का. तिनं माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, की तिचं नाक कुत्र्याहून तेज आहे आणि मी माझ्या सुया सांभाळाव्यात. मी विषय सोडून दिला. घरमालकीण होती, मला तिचा राग नको होता, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायला लागली होती.

मोठ्या गोधड्या उन्हाळ्यात होत, पण दुपट्याला हंगाम नसतो. गावातल्या सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तीन महिन्यांनी ती लेकरू घेऊन सासरी यायची, आणि आली की दुसऱ्या दिवशी या चौघी दुपटं शिवून द्यायच्या. त्यात चौघींच्या घरातले तुकडे असत, आणि मधोमध लेकराच्या बापाच्या शर्टाचा तुकडा. तो बापानं अंगात घातलेला, सुती, आणि आईनं स्वतःच्या हातानं दिलेला हवा. दुपटं आईनं अंगावर शिवलं, पण मायेचा हात बापाचा, असं काहीतरी जिजी त्याचं कारण सांगायची. ते मला कधी नीट समजलं नाही.

सुभद्राची सून सविता मुलीला घेऊन आली ते दिवस कापसाच्या पहिल्या वेचणीचे होते. तिचं माहेर लोणारकडचं सुलतानपूर. चार महिने ती तिकडे होती. बाकीच्या घरांचे तुकडे नेहमीप्रमाणे रशीदाबीनं पिशवीतून गोळा करून आणले. बापाच्या शर्टासाठी मात्र जिजी स्वतः काडीपेटी घेऊन सुभद्राच्या घरी गेली. सविताच्या नवऱ्याचे सगळे शर्ट तिनं तपासले. एकेक दोरा जळला आणि एकेक मणी पडला. शेवटी शेतीची अवजारं ठेवायच्या खोलीत खुंटीवर एक विटलेला पांढरा शर्ट सापडला. त्याचा दोरा जळून नुसती राख झाली. जिजीचा चेहरा खुलला म्हणे. सविताला वाटलं, हा तर लग्नाआधीचा शर्ट, नवऱ्याला आवडायचा. तिनं तो साबणानं धुतला, वाळवला आणि दुपारी गोठ्यात आणून जिजीच्या हातात दिला. जिजीनं तो नाकाला लावून लांब श्वास घेतला आणि चांगला आहे असा निकाल दिला. रशीदाबी आणि सुभद्रा त्या दिवशी वेचणीवरून उशिरा आल्या. त्या आल्या तेव्हा शर्टाची पाठ कापून दुपट्याच्या मधोमध बसलीसुद्धा होती.

सविता चार महिने इथं नव्हती. त्या हंगामात तिचा नवरा तोच शर्ट घालून फवारणी करत होता हे तिला माहीत नव्हतं. फवारणीचा पंप पाठीवर असतो. त्यांचा पंप गळका होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सविता लेकरू घेऊन उपकेंद्रात आली. लेकराच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग ढिलं पडलं होतं, श्वासाला घरघर होती. मी डोळे उघडून पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. असे डोळे मी त्या दोन महिन्यांत फवारणी करून आलेल्या मोठ्या माणसांचे पाहिले होते, तीन महिन्यांच्या लेकराचे कधी नाही. गाडी बोलावली आणि आम्ही बुलढाण्याला पोचलो. मी वाटभर त्या पोरीचे श्वास मोजत होते. फवारणीचं विष आहे हे डॉक्टरांनी लगेच ओळखलं आणि इंजेक्शनं सुरू केली. पहिली रात्र काढली तर वाचेल, म्हणाले. तिनं ती काढली.

विष लेकराच्या पोटात गेलं कुठून, हा प्रश्न राहिला. सुभद्राला उत्तर लगेच सापडलं. सून वेचणीला आली होती, फवारलेल्या कापसाचे हात न धुता तिनं लेकराला पाजलं. सूनबाईला वेचणीला तिनंच पाठवलं होतं, पण ते आता कोणाच्या लक्षात नव्हतं. सविता शपथा घेऊन सांगत होती, की हात साबणानं धुतले, साडी बदलली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्याकडे लक्ष द्यायला कोणी नव्हतं.

लेकराची चादर बदलताना दुपटं माझ्या हातात आलं. मधला तुकडा चोखून चोखून ओला झाला होता. ओलसर, गरम कापडातून तो वास वर आला. मला तो चांगला ओळखीचा होता. मी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ते लेकरापासून लांब ठेवायला सांगितलं, आणि मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं. सुभद्राला मी एवढंच म्हणाले, की कपड्यातून गेलं असावं. तिनं ते सुनेच्या साडीवर घेतलं. मी ते दुरुस्त केलं नाही. दुपट्याचं नाव घेतलं की पुढं जिजीच्या नाकाचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते माझ्याच्यानं होईना. मला आजही त्याची लाज वाटते.

पाचव्या दिवशी लेकरू घरी आलं, आणि त्याच दिवशी सुभद्रानं सुनेची बॅग भरायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सुलतानपूरहून तिचा भाऊ यायचा होता. सवितानं माहेरी जायचं, लेकरू इथंच राहणार, बाटलीच्या दुधावर. जिच्या हाताला अक्कल नाही तिच्या हाती मी नात देणार नाही, असं सुभद्रा गावभर सांगत होती. सविता माझ्याकडे आली आणि काहीतरी करा म्हणून दारात बसली. मी तिला पाणी दिलं.

ती गेल्यावर जिजी माझ्या खोलीत आली. तिची नजर खिडकीतल्या पिशवीवर पडली. दुपटं काऊन बांधून ठेवलं, म्हणून विचारायला लागली. मी पिशवी सोडली आणि दुपटं तिच्या हातात दिलं. पिशवी सोडताच माझ्या डोळ्यांना पाणी आलं, एवढा तो वास होता. मी तिला म्हणाले, जिजी, वास घे.

तिनं मधला तुकडा नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"साबणाचा येते," ती म्हणाली.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दुपटं हळूहळू खाली आलं. मग तिनं तुकड्यावरून एकदा अंगठा फिरवला, कोणाचा होता ते आठवल्यासारखं केलं आणि तिथंच जमिनीवर बसली. मी तिला सगळं सांगितलं. शर्ट, पंप, बाहुल्या. माझं संपल्यावर ती दुपटं पिशवीत घालून पिशवी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांना गोठ्यात बोलावलं. मलाही. सुभद्रा यायला तयार नव्हती, तर जिजी स्वतः जाऊन तिला आणि सविताला लेकरासकट घेऊन आली. सविताची बॅग तिकडे ओट्यावर भरलेलीच होती. चौघी नेहमीच्या चार जागांवर बसल्या, मधे गोधडी नसतानाही. जिजीनं दुपटं मधे टाकलं, लेकराला त्याच्यापासून लांब घ्यायला सांगितलं आणि सुभद्राकडे बघून बोलली.

"हे फवारणीच्या शर्टाचं हाय. म्या हुंगलं, म्या कापलं, म्या लावलं. मले वास येत नाही. तीन वर्सं झाले. तुह्या सुनंनं काहीच केलं नाही, तिले धाडू नको."

या बाईनं आयुष्यात कधी चूक कबूल केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता रडारड होईल, सुभद्रा उसळेल, निदान कोणीतरी आश्चर्य करेल. कोणीच केलं नाही. सुभद्रा जमिनीकडे बघत होती. वच्छला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी रशीदाबी बोलली, तीही जिजीकडे न बघता.

"आमाले मालूम होतं, जिजी."

मग एकेक करून बाहेर आलं. रशीदाबी तीन वर्षं घराघरातून चिंध्या गोळा करून आणत होती ते उगीच नव्हतं. गोठ्यात यायच्या आधी ती वच्छलाच्या घरी जायची, दोघी मिळून एकेक तुकडा हुंगायच्या, खराब असेल तो काढून टाकायच्या आणि मग पिशवी जिजीपुढे ठेवायच्या. जिजी चांगला आहे म्हणायची, आणि तो चांगलाच असायचा. सुभद्रालाही हे माहीत होतं. फक्त हा एक शर्ट पिशवीतून आला नव्हता. आणि तो कापलेला दिसला, तेव्हा रशीदाबीला शंका आली होती. पण त्या दिवसांत सगळ्या गावालाच तो वास होता, तिच्या स्वतःच्या हातालाही होता. शिवाय जिजीनं निकाल देऊन झाला होता.

जिजीनं माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, की तुलाही माहीत होतं का. मी हो म्हणाले. दूध जळलं त्या दिवसापासून.

"मले काऊन नाही सांगतलं?" हे तिनं रशीदाबीला विचारलं.

"तुहा मान होता, जिजी," रशीदाबी म्हणाली. "कोणं सांगाव?"

जिजी एकेकीच्या तोंडाकडे बघत गेली. सगळ्यात शेवटी माझ्याकडे. रागानं नाही. चिंधी निवडताना बघायची तसं, नीट, वेळ घेऊन.

"माहा मान तुमी तीन वर्सं राखला," ती म्हणाली. "अन् लेकरू कोणं राखाचं होतं?"

लेकरू सविताच्या मांडीवर झोपलं होतं. सुभद्रानं माझ्याकडे मोबाइल मागितला. तो तिनं स्वतः लावला नाही, सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, की भावाला सांग, निघाला असशील तर जेवूनच जा, पण मी येत नाही.